मावशींच्या हिशेबात न बसलेलं

वजन उतरलं तेव्हा कौतुक करणारे खूप होते. पुढची कित्येक वर्षं ते उतरलेलंच राहिलं, त्याचं श्रेय मात्र मी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना देते.

उतरलेलं वजन शरीराला मानवत नाही. चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं, भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं. वर्ष उलटलं तरी हा पालट पुरता ओसरत नाही, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलं. डाएट संपल्यावर मला सतत भूक लागायची आणि लोक म्हणायचे, ‘जिभेवर ताबा ठेव.’ तो जिभेचा दोष नव्हता, हे वाचून फार हलकं वाटलं.

मावशींनी यातलं काही वाचलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “ताई, डाएट झालं. आता रोजचं काय करायचं?” हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता.

मग त्यांनीच रोजचं बसवून दिलं. माझ्या दोन पोळ्यांचे गोळे लहान, डबा वेगळा. दोडका, गवार नेहमीपेक्षा जास्त चिरायच्या. फोडणीला तेल चमच्याने मोजून. शनिवारी आल्या आल्या विचारायच्या, “काटा काय म्हणतो?” किलोभर वाढलंय म्हटलं, तर बोलायच्या काही नाहीत, त्या आठवड्यात भाकरीबरोबर पिठल्याऐवजी पालेभाजी यायची. होळीला पुरणपोळी वाढायच्या, वर तूपही घालायच्या. “आज खा. उद्या नेहमीचंच.”

अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ पासून, वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांची एक नोंदवही ठेवली आहे. त्यातले बहुतेक जण सकाळची न्याहारी चुकवत नाहीत, निदान आठवड्याला वजन करतात, आणि रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, बहुतांशी चालण्याचा. सणावारी आणि एरवी ज्यांचं खाणं फारसं बदलत नाही, त्यांचं वजन जास्त टिकतं, असंही त्यात आढळलं. वाचताना मला आमचा ओटाच दिसत होता.

चालण्याची सवयही मावशींनीच लावली. काम आटोपलं की म्हणायच्या, “चला, कोपऱ्यापर्यंत सोबत या.” कोपऱ्याचं पुढे त्यांच्या दुसऱ्या कामाच्या घरापर्यंत झालं. सहकारनगरातला तो चढ त्या न थांबता चढायच्या, लेकीच्या फीचं, गावच्या विहिरीचं बोलत. मी दमायचे, त्या पावलं कमी करायच्या, पण थांबायच्या नाहीत.

महिन्याचे पैसे पोळ्यांचे ठरलेले होते. त्या चालण्याचे, त्या विचारण्याचे आमच्यात कधी ठरलेच नाहीत. एकदा मी पाकीट पुढे केलं, तर पोळ्यांचे तेवढे मोजून घेतले आणि उरलेले ओट्यावर ठेवून चपला घालायला गेल्या.