तव्यावरची मिसरी

मिसरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. भाजताना घरभर ठसका उठतो. गार झाली की ती चुरतात आणि पूड डबीत भरतात. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यासारख्या गावांत, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, ही डबी बाईच्या हाती बऱ्याचदा दातदुखीच्या निमित्ताने येते. पोरीची दाढ ठणकते, आजी चिमूटभर मिसरी लावायला सांगते, जरा बधिर वाटते. कीड मात्र आत चालूच राहते. तोंडातले जंतू गोड आणि पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात, ते दाताचे कवच पोखरते. मिसरीने त्यात तसूभरही फरक पडत नाही.

1992 साली केंद्र सरकारने दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. घरच्या तव्याला तो कायदा कुठला लागायला!

लग्नानंतर सवय पक्की होते. ऊसतोडीवर पहाटे कोपीबाहेर हिरड्यांवरून बोट फिरवत बसायचे, एवढीच काय ती बाईची हक्काची उसंत. मिसरी सोडायला सांगणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे. ‘मिसरीशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रारही खोटी नसते. निकोटिनची सवय आतड्यांनाही लागते. पोटुशी बाई मिसरी लावते तेव्हा झळ बाळाला पोहोचते. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या पाहणीत (2004) तंबाखू, मुख्यतः मिसरी, वापरणाऱ्यांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली.

उतारवयात हिरड्या मागे सरतात, दात हलतात, गालाच्या आत पांढरा चट्टा दिसू लागतो. मग धास्ती वाटते ती किडलेल्या दाढेची. कीड म्हणजे कर्करोग नव्हे. तुटक्या दाताची धार गालाला सतत घासत असेल तर ती डॉक्टरकडून बोथट करून घ्यावी, पण खरी धास्ती धरायची ती डबीची: धूर न काढता वापरली जाणारी तंबाखू माणसात कर्करोग करते हे सिद्ध झाले आहे, आणि भाजल्याने तिचे विष उतरत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणे समजावत, त्यामुळे रुग्ण लवकर दवाखान्यात पोहोचू लागले. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, चट्टा खरखरीत झाला किंवा तोंड पुरते उघडेना, तर दवाखान्यात दाखवायलाच हवे. तिथे गरज पडल्यास चट्ट्याचा तुकडा काढून तपासतात.