'तेज चल' आणि 'दौड के चल'च्या मधलं गाणं

सध्या पोस्टिंग तेजपूरला. जुलैचा पाऊस कोसळतोय, घरचे पुण्यात. अशा संध्याकाळी माणूस एक तर पुस्तक वाचतो, नाहीतर नसते उद्योग करतो. मी सुनो नावाच्या एआयकडून नव्वदीतलं डान्स-पॉप गाणं बनवायला बसलो.

निमित्त कोर्सच्या स्नेहमेळाव्याचं. 1998 साली एनडीएत आलो तेव्हा माझ्या शेजारच्या खोलीत एक कोल्हापूरकर होता. नाव मागे पडलं, सगळे कोल्हापूरकरच म्हणायचे. त्याच्या कॅसेटवर हॅडवेचं 'व्हॉट इज लव्ह', टू अनलिमिटेडचं 'नो लिमिट' आणि मध्येच अलिशा चिनॉय. त्याचा सिद्धांत असा: तेज चल मिनिटाला 120 पावलं, दौड के चल 180, ही गाणी बरोबर मधली, म्हणून पायांना चैन पडत नाही. त्या ठेक्यावर त्याने पळण्याचं एक मराठी रॅपही रचलं होतं. क्रॉस कंट्रीच्या शेवटच्या चढाला तो ते धापा टाकत म्हणायचा आणि आम्ही मागून ओरडायचो.

पाचव्या टर्ममध्ये त्याचा गुडघा गेला. मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं. तो ट्रंक घेऊन निघाला त्या दिवशी आम्ही कॅम्पवर होतो. नंतर पत्र लिहीन म्हटलं, लिहिलं नाही. कॅसेट माझ्याकडेच राहिली आणि दुसऱ्या पोस्टिंगला बुरशी लागून गेली. पासिंग आउट न झाल्यामुळे मेळाव्याच्या यादीत त्याचं नाव कधीच नसतं.

एआयला नुसतं 'नव्वदीतलं गाणं' सांगितलं तर जिमच्या जाहिरातीसारखं काहीतरी निघतं. फोड करून सांगावं लागतं. प्रत्येक ठोक्याला किक, बेस ठोक्यांच्या मधल्या फटीत, पियानो कॉर्ग एम-वनसारखा कडक, कडव्यात पुरुषाचं रॅप, धृपदाला बाईचा मोकळा आवाज, वेग 135. नवव्या प्रयत्नाला अंगावर काटा आला. (ही यंत्रं कुणाच्या गाण्यांवर शिकली, यावरून मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी 2024 च्या जूनमध्ये खटले भरलेत. ते मनात होतंच, तरी थांबलो नाही.)

शब्द कोल्हापूरकरचे, आठवले तेवढे. पण यंत्राला 'ळ' येईना. 'पळ गड्या पळ'चं दर वेळी 'पल गड्या पल' व्हायचं. शेवटी तसंच ठेवलं, एका कोर्समेटकडून नंबर मिळवला आणि पाठवून दिलं. खाली लिहिलं, 'शब्द तुझे. पत्र लिहायचं राहिलं.'

निळ्या खुणा लगेच आल्या. मग दोन दिवस काही नाही. मी उगाच केलं असं वाटायला लागलं. आपल्याला जी आठवण गोड, ती त्याला तशीच असेल कशावरून?

तिसऱ्या रात्री व्हॉइस मेसेज आला. 'आरं, त्या बाईला ळ म्हणता यीना की! आनि दुसरं कडवं कुठं घालवलंस?' पुढे चाळीस सेकंद तो स्वतःच रॅप करतो. आवाज जाड झालाय, मागे कुणीतरी पोर खिदळतंय, आणि दुसरं कडवं अख्खं आहे.

सुनोत आपला आवाज चढवता येतो. त्याचा चढवायला घेतला आणि लाइट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत त्याला फोन लावतोय.