मुक्कामी गाडी

आंबा घाट चढताना गाडीतून एक बारीक आवाज यायला लागला. मिक्सरचं रिकामं भांडं लांब कुठेतरी फिरत असावं, तसा. मी अण्णांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर दरी बघत होते, चेहरा शांत. मला बरं वाटलं. आधी पाच वर्षं ट्रक आणि मग तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस शेजारी बसलाय, आणि त्याला काही वाटत नाहीये. म्हणजे काही नसणार.

कोल्हापूर येईपर्यंत मी असं चार वेळा त्यांच्याकडे पाहिलं. चारही वेळा ते शांत होते.

आधी गाडीबद्दल सांगते. २००६ सालची सतरा सीटर. एका शाळेची मुलं ने-आण करून दमलेली. लॉकडाऊननंतर माझं काम कायमचं घरून झालं, तेव्हा मी ती स्वस्तात घेतली. सीट काढल्या, दोन बाक टाकले जे रात्री पलंग होतात. एक शेगडी, एक छोटं बेसिन, चाळीस लिटरची टाकी, टपावर सोलर पॅनल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल परस्पर करता येत नाहीत, त्यामुळे आरटीओच्या खेपाही झाल्या. सगळं झाल्यावर अण्णांना आत बसवलं. त्यांनी पलंगावर हात फिरवला आणि म्हणाले, "यात नवीन काय? मी निम्मी नोकरी गाडीतच झोपलोय."

खरंच होतं. रात्रीची शेवटची एसटी गावात जाते, ती सकाळी पहिली गाडी म्हणून परत निघते. मधली रात्र ड्रायव्हर आणि कंडक्टर गाडीतच काढतात. तिला मुक्कामी गाडी म्हणतात. गावातलं कुणीतरी भाकरी आणून देतं, कुणी अंघोळीला पाणी तापवतं. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, हे अण्णा घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. त्यानंतर ते मुक्कामाच्या गावांची यादी सुरू करतात आणि पाहुणे उठायची तयारी करतात.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं रत्नागिरीहून निघालो. बहिणीच्या मुलीसाठी हुपरीतून चांदीचे पैंजण घ्यायचे, खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बघायचं आणि परत यायचं. चार दिवसांचा बेत. घाट सगळा अण्णांच्या पायाखालचा, म्हणजे चाकाखालचा.

घाटात तापमानाचा काटाही पाऊण भागापर्यंत चढला होता. वर आल्यावर गाडी थांबवली, थंड होऊ दिली, पाणी टाकलं. मलकापुरात पुन्हा दोन बाटल्या टाकल्या. पाणी कुठे जातंय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. कोल्हापूर मागे टाकून हुपरीच्या रस्त्याला लागलो आणि काटा एकदम खाली आला. अगदी तळाला. मी खूश. "बघा अण्णा, उतरला."

अण्णांनी नाक वर केलं. "बाजूला घे."

"का?"

"रंग जळल्याचा वास येतोय. आधी बाजूला घे."

ते गाव गडमुडशिंगी. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पत्र्याचं शेड. शेडच्या दारात एक ट्रॅक्टर, ज्याचं पुढचं तोंड उघडं होतं. मी उतरले, बोनेट उघडलं, आणि फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. अण्णांनी माझं मनगट धरलं आणि त्याच क्षणी शेडमधून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई! हात लावू नगा!"

रेडिएटर म्हणजे एक प्रकारे कुकरच असतो. झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. शिट्टी न काढता कुकर उघडू नये हे मला आठवीत असताना कळलं होतं. गाडीच्या बाबतीत ते सुचलं नाही.

शेड ज्यांचं होतं ते मिस्त्री पन्नाशीचे. हात पुसत आले, काट्याकडे बघून हसले. "काटा पाण्याचं सांगतोय. पाणीच न्हाई म्हटल्यावर त्यो तरी काय सांगणार?"

सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच त्याचं खरं. पाणी उतरलं, तो उघडा पडला, म्हणून काटा खाली आला होता. मी ज्याला सुधारणा समजले ते खरं तर शेवटचं टोक होतं. अजून दोन-तीन किलोमीटर गेले असते तर इंजिन जाम झालं असतं.

तासभराने मिस्त्रींनी थोडं थोडं पाणी ओतलं. खालच्या बाजूने ठिबकायला लागलं. त्यांनी डिपस्टिक काढून ऑइल बोटावर घेतलं. ते दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलं नव्हतं. मग झाकण उघडं ठेवून गाडी चालू करायला सांगितली. बुडबुडे येतात का ते पाहिलं. नव्हते. "हेड गॅस्केट वाचलंय. नशीब समजा." मग ते थांबले, मान तिरकी केली. "आन् ह्यो आवाज कवापासनं येतोय?"

"आंबा घाटापासून."

"काकास्नी दावलं न्हाई? काका एसटीत हुते म्हणालासा न्हवं."

अण्णा बोनेटशी उभे होते. मिस्त्रींनी त्यांना विचारलं, "काका, तुमास्नी काय वाटतंय? बेरिंग का गिअर?"

अण्णा म्हणाले, "इंजिन झकास चाललंय."

पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज आता कानात शिरत होता. मिस्त्रींचं हाताखालचं पोरगं हातातला पाना ठेवून बघायला लागलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, पण बोलले काहीच नाहीत. त्यांनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावून जुने मेकॅनिक आतलं ऐकतात, डॉक्टर छाती तपासतात तसं. त्यांनी तो अण्णांपुढे धरला. अण्णा वाकले, मूठ कानाला लावली, बराच वेळ तसेच राहिले. मग सरळ झाले आणि स्क्रू-ड्रायव्हर परत दिला.

"मला नाही ऐकू येत," ते म्हणाले.

मग ते आत येऊन माझ्या शेजारी बसले आणि गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवला. "क्लच दाब. आता सोड. परत दाब." डोळे मिटलेले. "क्लच दाबला की थरथर थांबते. सोडला की येते. इनपुट शाफ्टचं बेअरिंग असणार."

मिस्त्री म्हणाले, "बराबर हाय, काका."

त्या रात्री आम्ही शेडच्या बाजूलाच गाडीत झोपलो. म्हणजे पडलो. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून कारखान्याकडे जात होत्या. मी विचारलं, "कधीपासून?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मला वाटलं, हेही ऐकू गेलं नाही. मग ते म्हणाले, "रिटायर व्हायच्या आधी दोन वर्षं. कंडक्टरची घंटी ऐकू यायची नाही. दोरी ओढली की घंटेचा लोळा हलायचा, तो बघायचो."

अण्णा २०१७ साली निवृत्त झाले. म्हणजे निदान दोन वर्षं त्यांनी घंटी न ऐकता गाडी चालवली होती. मी चिडले. "अण्णा, मागे पन्नास माणसं असायची."

"माहितीये. म्हणून तर आरशावरची नजर काढली नाही."

"सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर गाडीवरून उतरवलं असतं. तुझं शेवटचं वर्ष होतं."

माझ्या कॉलेजचं. हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही, आजही पूर्ण पटलेलं नाही. ती फी मीच भरली होती, त्या आरशातून, हे मात्र आता विसरता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, "पण तुला तर ऐकू येत होतं ना? घाटापासून? मग तू का बोलली नाहीस?"

"तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं काही नाही."

"आणि तू काही बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं काही नाही."

अंधारात आम्ही दोघंही हसलो नाही. मी त्यांच्याकडे बघून गाडी चालवत होते आणि ते माझ्याकडे बघून निर्धास्त बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर खोलून कोल्हापुरात नेला. रेडिएटरवाल्याने वरची टाकी डाग काढून उघडली आणि मला आत बघायला लावलं. निम्म्या नळ्या पांढऱ्या थराने बुजलेल्या. आपल्या किटलीच्या तळाला जमतो तोच क्षार. आधीच्या मालकाने बोअरचं पाणी घातलं असेल, पण गेली तीन वर्षं पेट्रोल पंपावरच्या नळाचं पाणी मीच घालत होते. कूलंट महाग वाटायचं. कूलंट फक्त थंड ठेवायला नसतं, ते आतून गंज आणि थर धरू देत नाही, हे मला त्या बुजलेल्या नळ्या बघून समजलं. त्याने एकेका नळीतून सळई घालून ती मोकळी केली, गळणारी शिवण पुन्हा डागली. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर होता म्हणून हे जमलं. प्लॅस्टिकच्या टाकीचा असता तर बहुधा नवीनच घ्यावा लागला असता.

दुपारी गिअरबॉक्स उतरवला. प्रॉपेलर शाफ्ट सोडवला, खाली जॅक लावले, आणि ते धूड हळूहळू जमिनीवर आलं. मागच्या सीलमधून ऑइल कधीचं झिरपत होतं, आत ते निम्मंही नव्हतं. तळाच्या बुचाला लोहचुंबक असतं, त्यावर लोखंडाचा बारीक चुरा केसांसारखा उभा राहिला होता. बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडले होते. अण्णा चुकले नव्हते.

बेअरिंग बसतं ती जागाही झिजलेली. मी मोबाइलवर सुटा भाग शोधत होते, सहा दिवस दाखवत होतं. मिस्त्री म्हणाले, "सा दिवस काय करायचं हितं? उद्यमनगरला जाऊ की." शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याने शाफ्ट हातात घेतला, माप घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत ती जागा भरून, घासून, बरोबर मापाची करून दिली. या शहराला ही सवय जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' काढला, १९२० साली. उसाला पाणी पाजणारी ऑइल इंजिनंही इथल्याच कारखान्यांतून निघाली. इथे वस्तू मिळाली नाही तर माणसं तिच्यासाठी थांबत नाहीत, करून घेतात.

गाडी स्टँडवर असल्यामुळे दुसरी रात्र मिस्त्रींच्या घरी, सोप्यात. वहिनींनी भाकरी, वांग्याची भाजी आणि खर्डा वाढला. अण्णांना त्यांच्या मुक्कामाच्या गावांची यादी सांगायला नवीन श्रोते मिळाले आणि कुणीही उठलं नाही. मला मात्र एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. वहिनी तोंडावर पदर धरून बोलल्या की अण्णा नुसतंच "हो हो" म्हणायचे. ओठ दिसले की नीट उत्तर द्यायचे. घरी हे किती वर्षं चाललं असेल आणि मी त्याला "अण्णांचं लक्षच नसतं" म्हणत होते.

नंतर रत्नागिरीत कानांची तपासणी केली. तिथल्या ताईंनी आलेख दाखवला. डावीकडे रेघ जवळपास सरळ, उजवीकडे घसरगुंडी. वयानं असो की गोंगाटानं, आधी बारीक, उंच आवाज जातात. म्हणून इंजिनाची घरघर अण्णांना ऐकू येत होती, बेअरिंगची कुईकुई नाही. माणसाचं बोलणं येतं, पण त्यातले 'स' आणि 'श' गळतात. गेलेलं परत येत नाही, मशीनने मदत होते. अण्णांनी विचारलं, "कुकरची शिट्टी येईल का?" ताई म्हणाल्या, "येईल." अण्णा म्हणाले, "मग बघू."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गिअरबॉक्स वर गेला, नवं ऑइल, नवं सील, रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट. सगळे मिळून १४,६०० रुपये झाले. मिस्त्रींनी राहण्या-जेवणाचे पैसे घेतले नाहीत, उलट माझ्यावर चिडले. गाडी चालू केली. अण्णांनी दांड्यावर तळवा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आवाज?"

"नाही."

"इथेही नाही," ते म्हणाले.

हुपरी तिथून जवळच. दुकानदाराने पैंजणांचे चार-पाच जोड मांडले. अण्णांनी एक उचलला, घुंगरू बोटाने चाचपले, मग तळव्यावर घेऊन हलवला. थोडा वेळ हलवत राहिले. याआधी असं काही झालं असतं तर त्यांनी "छान आहे" म्हणून पैसे दिले असते. या वेळी ते माझ्याकडे वळले, दुकानदारासमोरच.

"वाजतंय का गं?"

"वाजतंय, अण्णा."

"मग हाच दे," ते दुकानदाराला म्हणाले.