मांजराचा निरोप, कुत्र्याचा जीव

पहाटे ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारापाशी जिप्सींची रांग लागते आणि गावातली कुत्री तिच्यातून निवांत हिंडत असतात. पर्यटकांचे डोळे वाघासाठी राखून ठेवलेले. विषाणूंचा अभ्यास करणाऱ्याची नजर मात्र आधी त्या कुत्र्यांवर जाते. ती रात्री रानाच्या कडेने फिरतात, आणि बिबट्याही त्याच कडेने गावात उतरतो.

कुत्रा आणि वाघ यांची कुळे सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. विषाणूला हे अंतर फार वाटत नाही. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा आजार म्हणून ओळखला जातो. पण 1994 साली सेरेंगेटीतल्या जवळजवळ एक तृतीयांश सिंहांचा त्याने बळी घेतला. सप्टेंबर 2018 पासून गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत 23 सिंह दगावले, आणि त्यांतल्या काहींच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला हाच विषाणू सापडला. उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. कुत्र्याच्या पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा पार्व्हो मांजरकुळातल्या विषाणूसारख्याच एका पूर्वजापासून निघाला, 1978 मध्ये ओळखला गेला आणि पाहता पाहता जगभर पसरला.

विषाणू असे कुंपण ओलांडतात. मग पेशींचा बचाव ते ओलांडू शकतो का?

1957 साली लंडनच्या मिल हिल इथल्या संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यावर काम करत होते. उष्णतेने निकामी केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू त्यांनी पडद्याच्या तुकड्यांवर सोडला, काही तासांनी तुकडे काढून टाकले आणि उरलेले पाणी ताज्या तुकड्यांना दिले. त्या तुकड्यांवर जिवंत विषाणू नीट वाढेना. पाण्यात काहीतरी उतरले होते. त्याला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले.

इंटरफेरॉन स्वतः विषाणूला हातही लावत नाही. तो एक निरोप आहे. विषाणू शिरलेली पेशी तो सोडते, शेजारच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनांनी तो झेलतात आणि शेकडो जनुके जागी करतात. त्यांतून तयार होणारे एक प्रथिन पेशीतला प्रथिनांचा कारखानाच थांबवते, दुसरे आरएनएचे तुकडे करणाऱ्या विकराला कामाला लावते. विषाणू येतो तेव्हा त्याला चूल विझलेली आढळते.

हा निरोप साधारणपणे आपापल्या जातीतच नीट कळतो. कोंबडीचे इंटरफेरॉन वासराच्या पेशींवर जवळजवळ निष्प्रभ ठरते. पण नात्याचा हिशेब दरवेळी जुळत नाही, आणि मला या विषयात सर्वांत ओढ लावणारी गोष्ट हीच. उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर माणसाला उंदीर जवळचा, गाय लांबची. तरीही माणसाचे अल्फा इंटरफेरॉन उंदराच्या पेशी फारसे ओळखत नाहीत आणि गाईच्या पेशी मात्र चटकन ओळखतात. इतक्या की माणसाच्या इंटरफेरॉनची ताकद मोजायला प्रयोगशाळेत गाईच्या मूत्रपिंडाच्या पेशी वापरतात. निरोप आणि ग्राहक यांचे आकार एकमेकांत बसले पाहिजेत. नाते जवळचे की लांबचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

याचा सर्वांत सुंदर उपयोग जपानमध्ये झाला. मांजराचे ओमेगा इंटरफेरॉन कुत्र्याच्या पेशींनाही कळते, आणि तिथे त्याचे औषध तयार झाले. ते बनवतो रेशीमकिडा. आपल्या आरमोरीकडे ऐनावर वाढणारा टसरचा नव्हे, तुतीचा पाला खाणारा. किड्यांचा एक विषाणू मांजराचे जनुक घेऊन त्या अळीत जातो आणि जिच्या जातीत इंटरफेरॉन नावाची गोष्टच नाही, ती अळी मांजराचा निरोप तयार करते. 2001 मध्ये युरोपनेही त्याला परवाना दिला. पार्व्होने अंथरूण धरलेल्या पिल्लाला ते 3 दिवस, रोज एकदा टोचतात. मांजरकुळाशी नाते सांगणारा विषाणू आणि त्याच्यावर मांजराचाच उतारा!

वाघाच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. ताडोबाच्या बांबूत शिरून आजारी वाघिणीला रोज सुई कोण टोचणार? शिवाय डिस्टेंपरचा विषाणू बेरकी आहे. त्याचे ‘व्ही’ नावाचे प्रथिन पेशीतल्या स्टॅट या दूतांना अडवते. निरोप दारापर्यंत पोचतो, पण आतल्या जनुकांपर्यंत जात नाही. तेव्हा रोग शिरण्याआधीची लस हीच खरी वाट उरते.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 33अ मध्ये अभयारण्यापासून 5 किलोमीटरच्या आतल्या पाळीव जनावरांच्या लसीकरणाची तरतूद आहे. पण ज्या जनावरांची नावे कायदा घेतो त्यांत गाय, म्हैस, शेळी, डुक्कर आहे, कुत्रा नाही. ही उणीव मला बोचते. अर्थात रशियातल्या वाघांच्या अभ्यासात तिथला विषाणू मुख्यतः इतर वन्य मांसाहारींकडून येतो असे दिसले, आणि कुत्र्यांऐवजी वाघांनाच लस द्यावी असा सल्ला 2020 मध्ये पुढे आला. मोहर्लीला यांतले काय लागू पडेल, ते इथलेच रक्त सांगेल: आगरझरी, जुनोना या गावांतल्या कुत्र्यांचे, रानकुत्र्यांचे, उदमांजरांचे. गुरांच्या दवाखान्यातली सुई, बर्फाचा डबा आणि कुत्र्याला धरून ठेवणारा त्याचा मालक, एवढ्यावर त्याची सुरुवात होऊ शकते.