कोरडी काख

काख चाचपायची ती हातमोजा काढून, असं मी पंचवीस वर्षं इंटर्नांना दटावत आलो. धोतरा असो की सर्दीच्या गोळ्या, काख कोरडी ठणठणीत. फवारणीचं औषध पोटात गेलेला माणूस घामानं निथळतो. दोन बोटं, तीन सेकंद. त्या तीन सेकंदांचा मला माज होता.

गेल्या हिवाळ्यात एका आजोबांना आणलं. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, आबा रात्रीपासून हवेतच तंबाखू मळतायत. बाहेरचं काही लागलं का?" बाहुल्या टपोऱ्या, नाडी १३०, चेहरा लालबुंद. मी काखेत बोटं घातली. ओलसर लागली. झालं, मेंदूज्वराच्या दिशेनं लिहीत सुटलो.

मागे इंटर्न पोरगी ओटीपोटावर टकटक करत होती. "सर, मूत्राशय बेंबीला टेकलंय." नळी घातली, लिटरभर लघवी. मग सून म्हणाली, तापामुळे वाटेत ओल्या पंचानं अंग पुसत आणलं होतं. पिशवीत खाजेची हायड्रॉक्सिझिन, सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामाइन, खोकल्याच्या बाटलीत डायफेनहायड्रामाइन. तीन दुकानं, तीन नावं, जात एकच. आणि खाज थांबेना म्हणून सगळं दुप्पट.

सर्दीच्या अशा एका मिश्रणावर ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापा, हे औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलं. आबांच्या वयाची आठवण कोण ठेवणार? पुडी बांधताना "घरी आणखी काय चालू आहे?" विचारणारा दुकानदार आता विरळाच.

हल्लीची पोरं हात लावण्याआधी ईसीजी काढतात, म्हणून मी कुरकुरतो. पण त्यातली रुंदावलेली लाट बोटांना कळत नाही, आणि सोडाबायकार्ब द्यायचं ते तिच्यासाठीच. आबांची रुंदावली होती.

तरी मन काखेशीच घोटाळतं. पंचाचं पाणी आणि घाम यांतला चिकटपणा पूर्वी मला कळला असता का? की स्पिरिटनं बोटंच मेली? नोटा मोजायलाही आता थुंकी लागते. पालथ्या हातानं बघतो, टिपकागद लावून बघतो. रात्री स्वतःची काख चाचपताना बायकोनं पकडलं.

अंग वाळल्यावर आबांची काख कोरडीच निघाली. केसपेपरवर मी तेच लिहिलं. वेळ मात्र पहिल्या तपासणीची टाकली. इंटर्ननं ते वाचलं. काही बोलली नाही.