द्रविडला परवडतं
बोनसचं पत्र आलं त्या रात्री मला राहुल द्रविडचा राग आला. त्याचा दोष काहीच नव्हता. फक्त त्याची एक गोष्ट नेमकी तेव्हाच आठवली.

२०१८ साली अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कप जिंकल्यावर बोर्डाने बक्षिसं जाहीर केली. कोच द्रविडला ५० लाख, खेळाडूंना प्रत्येकी ३०, सपोर्ट स्टाफला प्रत्येकी २०. द्रविडला हा फरक पटला नाही. शेवटी स्टाफमधल्या सगळ्यांना २५ लाख मिळाले, त्यालाही तेवढेच. म्हणजे खेळाडूंपेक्षा कमी! २०२४च्या टी-ट्वेन्टी वर्ल्ड कपनंतरही त्याने खेळाडूंइतके ५ कोटी नको, पारस म्हांब्रे वगैरे सहकाऱ्यांइतके अडीचच द्या, असं सांगितल्याच्या बातम्या आल्या.

खेळाडूला जास्त पैसे मिळावेत, याबद्दल माझा वाद नाही. गुडघा त्याचा जातो, आणि पस्तिशीत करिअर आटोपतं. मला खटकतो तो जबाबदारीचा हिशेब. हरल्यावर अकरा जणांना काढता येत नाही, म्हणून एका कोचला काढतात. रानिएरीने लेस्टर सिटीला २०१६मध्ये प्रीमियर लीग जिंकून दिली, आणि नऊ महिन्यांत क्लबने त्यालाच घरी पाठवलं.

आमच्या टीममध्ये मी लीड आहे, म्हणजे धड कोच नाही, धड खेळाडूही नाही. मोठ्या रिलीजच्या आदल्या रात्री, तीन वाजता, आमच्या टेस्टरने पेमेंटमधला एक बग पकडला. मी तो दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी कॉलवर कौतुक माझं झालं आणि पुढे बोनसही मलाच. तिला सगळ्यांबरोबर 'थँक यू टीम'चा मेल. त्याआधी एकदा सर्व्हर कोसळला होता, तेव्हा मात्र पहिला प्रश्न आला होता, "टेस्टिंग कोणी केलं होतं?" त्या कॉलवर मी म्यूटवर होतो.

त्या रात्री मी मॅनेजरला मेल लिहायला घेतला. बोनस दोघांत वाटा, एवढंच म्हणायचं होतं. चार ओळी झाल्या आणि फ्लॅटचा हप्ता आठवला. द्रविडला परवडतं, मी स्वतःला सांगितलं. लॅपटॉप मिटला.

सोमवारी कॉफी मशीनपाशी ती भेटली. "अरे, अभिनंदन! पार्टी कधी देतोयस?"

"देऊ की," मी म्हणालो.

पार्टी झाली, बिर्याणी मागवली होती. मेल अजून ड्राफ्ट्समध्येच आहे.