एका पाण्याचे दोन काठ

ज्या गावाला नदी नाही, त्या गावच्या माणसाला पाण्याची ओढ अधिक असते, असा माझा अनुभव आहे. हुबळी आणि धारवाड यांची महानगरपालिका १९६२ मध्ये एकच झाली. परंतु दोहोंपैकी एकाही शहराला नदीकाठ लाभलेला नाही. ही उणीव जुन्या पिढ्यांनी तळी राखून भरून काढली. कन्नडमध्ये तळ्याला ‘केरे’ म्हणतात. साधनकेरी, नुग्गीकेरी ही नावेच त्याची साक्ष देतात. आपण मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर वाढलो. आपल्या घरांतील आजीबाईंच्या तोंडीही ‘तळ्यावर जाऊन येते’ याऐवजी ‘केरीवर जाऊन येते’ असेच यायचे.

नवनगर हे दोन्ही शहरांच्या मध्यावर. त्यामुळे सायकल बाहेर काढली की डावे-उजवे करण्याचे स्वातंत्र्य असते. हुबळीच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या मधल्या मार्गिकेतून ‘चिगरी’ बसगाड्या भरधाव जात असतात. चिगरी म्हणजे काळवीट. हे नाव ज्याने सुचविले त्याच्या रसिकतेला दाद द्यावीशी वाटते. पाच-एक किलोमीटरवर उणकलचे तळे येते. तळ्यात एक चिमुकले बेट असून त्यावर स्वामी विवेकानंदांचा पुतळा आहे. आम्हा नवनगरकरांनी आयुष्यात पाहिलेले पहिले बेट ते हेच. जवळच उणकल गावात चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वराचे मंदिर आहे. चारी दिशांना दारे असलेल्या त्या काळ्या पाषाणाच्या वास्तूत उन्हाळ्यातही गारवा असतो. तळ्याचे मात्र तसे नाही. सांडपाणी मिसळते आणि जलपर्णी माजते. मग नौकाविहाराच्या होड्या काठाला बांधून ठेवाव्या लागतात आणि पाण्याच्या जागी एक हिरवे कुरण पसरलेले दिसते. ती काढली जाते, पुन्हा वाढते. हे चक्र मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

धारवाडच्या दिशेने गेल्यास आधी नुग्गीकेरीचा मारुती लागतो. शनिवारी तेथे गर्दी असते. अन्य दिवशी तळ्याकाठी निवांत बसता येते. पुढे साधनकेरी. कन्नडचे वरकवी द. रा. बेंद्रे यांचे घर या तळ्याजवळ आहे. ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने कन्नड काव्य लिहिणाऱ्या आणि १९७३चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणाऱ्या या कवीच्या घरची भाषा मराठी होती, आणि मराठीतही त्यांनी लेखन केले. सोलापूरच्या महाविद्यालयात ते कन्नड शिकवीत. दोन भाषा एका घरात सुखाने नांदू शकतात याचा याहून मोठा दाखला आपल्यासारख्यांना कोणता हवा? त्यांनी आपल्या कवितेत लोकांना साधनकेरीला येण्याचे निमंत्रण दिले. आज त्या काठावर उद्यान आहे, मुले खेळतात. तळे जिवंत ठेवायचे तर त्याच्याशी माणसांचा नित्य संबंध हवा, एवढे तरी तेथे गेल्यावर पटते.

परंतु आपण पितो ते पाणी या तळ्यांचे नव्हे. त्याचा माग काढावा, असे काही वर्षांपूर्वी मनात आले आणि सायकलीचा पल्ला वाढत गेला. हुबळीला काही पाणी कलघटगी तालुक्यातील नीरसागर जलाशयाचे येते. पण पावसाने पाठ फिरविली की तो तळ दाखवितो. मुख्य भिस्त मलप्रभेवर. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे या नदीवर धरण आहे आणि त्याच्या ३७.७३ टीएमसी क्षमतेच्या जलाशयाला रेणुकासागर हे नाव दिले आहे. यल्लम्माच्या दर्शनाला कोल्हापूर-सांगलीकडून येणारे भाविक याच पाण्याकडे पाहून हात जोडतात. एका कोळ्याने मला आपल्या होडीतून थोडे आत नेले होते. सभोवार उघडे माळ, मध्ये तो निळा विस्तार, आणि डोंगरावर देवीचे ठाणे. आपल्या स्वयंपाकघरातील पिंपात जे साठवतो ते येथून निघते, हे कळल्यावर पिंपाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

मग उगम पाहणे आलेच. मलप्रभा खानापूर तालुक्यातील कणकुंबीला उगम पावते. बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव. तेथील बोली आपलीच, मराठी. माउलीच्या देवळापाशी नदीचे तीर्थकुंड आहे. येथील भूगोल मोठा विलक्षण आहे. एका उतारावर पडलेला पाऊस मलप्रभेतून कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागरात जातो. जवळच दुसऱ्या उतारावर पडलेला पाऊस कळसा नाल्यातून म्हादईत, म्हणजेच मांडवीत उतरतो आणि अरबी समुद्र गाठतो. एकाच ढगाच्या दोन लेकी, एक पूर्वेला दिलेली, एक पश्चिमेला! या दोन उतारांच्या मध्ये कालव्याचे खोदकाम दिसते. पश्चिमेचे काही पाणी पूर्वेला वळवावे, ही ती कळसा-भांडुरा योजना.

पश्चिमेची लेक कशी नांदते हे पाहायला गोव्यात जावे लागते. जुन्या गोव्याहून फेरीबोटीत भाचीची सायकल चढविली आणि मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरलो. दुतर्फा खाजण शेते, बांध, आणि भरती-ओहोटीचे पाणी आवरणाऱ्या मानशी. बेटाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा फेरी घेतली की नार्वे गाव. मूळ दिवाडीवरील सप्तकोटेश्वर पोर्तुगीज काळात विस्थापित होऊन येथे आला. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये या देवळाचा जीर्णोद्धार करविला. २०२३ मध्ये त्याचे पुन्हा नूतनीकरण झाले. हा देव गोव्याच्या कदंबांचे आराध्य दैवत. त्याच कदंबांची देवळे आपल्या खानापूर तालुक्यातील हळशीला आहेत. घाटाच्या वर आणि खाली एकच राज्य होते, तेव्हा कुठले पाणी कुणाचे, हा प्रश्न बहुधा कुणाला पडला नसावा. शेजारच्या चोडण बेटावर खारफुटीतून जाणाऱ्या लहान होडीत बसलो, तेव्हा डॉ. सलीम अली यांच्या नावाच्या त्या पक्षी अभयारण्यातील खंड्या आणि बगळे अगदी हाताच्या अंतरावर होते.

परतीच्या फेरीत एका तरुण खलाशाने विचारले, “काका, तुमी खंयचे?” मी म्हटले, “हुबळीचा.” तो हसून म्हणाला, “आमचें उदक व्हरपी ते तुमीच न्ही?” थट्टाच होती ती, पण त्यात नुसती थट्टा नव्हती. मी त्याला सांगितले, “बाबा रे, आमच्या नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येते.” तो गंभीर झाला. “आनी आमच्या शेतांत खारें उदक चडत जाल्यार?” एवढेच म्हणाला आणि दोर सोडायला गेला.

त्याच्या प्रश्नाला आकड्यांचे उत्तर आहे. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये म्हादई खोऱ्याचे खात्रीचे पाणी सुमारे १८८ टीएमसी धरले आणि कळसा-भांडुरातून मलप्रभेत वळविण्यासाठी ३.९ टीएमसी मंजूर केले. निवाड्यावर तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. आपल्या बाजूचे लोक म्हणतात, समुद्राला मिळणाऱ्या पाण्यातले चिमूटभर तर मागतो. तिकडचे म्हणतात, पावसाळ्यातील पुराच्या पाण्याचा हिशेब उन्हाळ्यात उपयोगी पडत नाही. गोडे पाणी कमी झाले की खारे वर चढते, खाजण आणि खारफुटी दोन्ही संकटात येतात. दोघांचेही खरे आहे, आणि हीच यातली कठीण गोष्ट आहे. ज्यांची कुलदैवते गोव्यात आणि घरे नवनगरात, त्यांनी कुठल्या काठावर उभे राहावे?

मला सुचते ते असे. तहान कुणाचीही असो, ती नाकारता येणार नाही. पिण्याचे पाणी आपल्याला हवेच. पण शेजाऱ्याच्या दारी घागर घेऊन जाताना आपल्या परसातली विहीर बुजवून चालत नाही. उणकलच्या तळ्यात सांडपाणी सोडायचे आणि शंभर किलोमीटरवरच्या नाल्यावर हक्क सांगायचा, हे त्या तरुणासमोर बोलून दाखविण्याची हिंमत माझ्यात नाही. आपली तळी नितळ असतील, पावसाचे पाणी छपरांवरून जमिनीत मुरत असेल, गळक्या वाहिन्या सुधारल्या असतील, तर आपली मागणी अधिक वजनाने मांडता येईल. कदाचित ती लहानही होईल.

मंडळाच्या तरुण सभासदांना एक विनंती आहे. दिवाळीनंतर हवा चांगली असते. सायकल घ्या, नुग्गीकेरी, साधनकेरी, उणकल एका सकाळी होतात. सवड काढून कणकुंबीला जा आणि जमल्यास दिवाडीची फेरीही करा. वादात कोणती बाजू घ्यायची ते मग ठरवा. पाणी ज्याने दोन्ही काठांवरून पाहिले आहे, त्याच्या बोलण्यात आवाज कमी आणि अर्थ अधिक असतो.